पंचावन्न मिनिटांचे कनेक्शन

सोमवार, २० जानेवारी. दुपारी तीन वाजून अकरा मिनिटांनी सावरटेक ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाच हात वर झाले. सहा हवे होते. सभा चालवणाऱ्या अध्यासी अधिकाऱ्यांनी हात दोनदा मोजले, कागदावर आकडा लिहिला आणि उपसरपंच दौलतराव यांच्यावरचा अविश्वास ठराव फेटाळला गेल्याचे जाहीर केले. नसलेला सहावा हात सदस्य प्रयागबाईंचा होता. त्या वेळी प्रयागबाई दिल्लीहून नागपूरला येणाऱ्या विमानात बसलेल्या होत्या.

सावरटेक हे गाव नागपूरपासून गाडीने तीनेक तासांवर, इंझोरीच्या पुढे सात किलोमीटरवर आहे. गावठाण खाली, बंजाऱ्यांचा तांडा वर टेकडीला. सरपंचपद जुलैपासून रिकामे असल्याने कारभार उपसरपंचांकडे होता. पाण्याच्या नव्या टाकीची मंजूर जागा टेकडीवर होती. नोव्हेंबरच्या सभेत ती बदलली आणि टाकी खाली, दौलतरावांच्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला आली. खालच्या टाकीचे पाणी तांड्यावर चढणार नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. नऊ सदस्यांपैकी सहा जणांनी ठरावाच्या मागणीवर सह्या केल्या. त्यात तांड्यातले दोघे होते. एक प्रेमसिंग, तांड्याचे नायक. दुसऱ्या प्रयागबाई, वय सत्तावन्न, घर तांड्याच्या अगदी वरच्या टोकाला. विहिरीपासून त्यांच्या दारापर्यंत हंडा घेऊन चढायला वीस मिनिटे लागतात. ठराव पडला तर ही वीस मिनिटे पुढेही तशीच राहणार होती.

सभेची नोटीस निघाली की सदस्यांना सहलीला न्यायचे, ही या भागातली रीत आहे. क्रूझर गाडी ठरते. सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा होतात आणि पिशवी म्होरक्याच्या खांद्याला राहते. देवदर्शन होते, जेवणे होतात, आणि सभेच्या दिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागते. आदल्या दिवशी कोणालाही घरी सोडत नाहीत, कारण माणूस फुटतो तो घरीच फुटतो.

या वेळी म्होरक्या होता संघदीप, वय एकतीस, ठरावावर पहिली सही करणारा. त्याला क्रूझरवर भरवसा नव्हता. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातले दोन सदस्य एका ढाब्यावरून परस्पर नेले गेले होते. म्हणून त्याने विमान ठरवले.

"विमानाच्या मांगं कोन मोटरसायकल लावते?" तो म्हणाला होता.

विमानाची माहिती असलेला गावात एकच माणूस होता. प्रज्वल, संघदीपचा शाळेपासूनचा मित्र. पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. दवाखान्यांतली यंत्रे दुरुस्त करायला देशभर फिरतो, महिन्याला बारा-चौदा उड्डाणे होतात. विमान कंपनीचे सोनेरी कार्ड त्याच्या पाकिटात असते. सात जणांची बरीचशी तिकिटे त्याने आपल्या साठलेल्या पॉइंटांवर काढली. ते पॉइंट मार्चमध्ये बाद होणार होते, असे त्याने सांगितले. नागपूर, दिल्ली, वाराणसी. परत येतानाही तसेच. बौद्ध सदस्यांना सारनाथ, बाकीच्यांना काशी. कोणाची तक्रार नव्हती.

परतीच्या दिवशी दिल्लीत विमान बदलायचे होते. वाराणसीचे विमान आठ पंचेचाळीसला दिल्लीत उतरणार, नागपूरचे नऊ चाळीसला सुटणार. मध्ये पंचावन्न मिनिटे. या आकड्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नंतर गेले. हरीओम या सदस्याला तेव्हा डिसेंबरमधली एक गोष्ट आठवली. बसथांब्यावरच्या हॉटेलात प्रज्वल प्रवासाचे किस्से सांगत होता. गुवाहाटीच्या विमानतळावर फरशीवर काढलेली रात्र, दिल्लीच्या धुक्यात तीनदा चुकलेले विमान. बोलता बोलता तो म्हणाला होता, "जानेवारीत दिल्लीवरून दोन तासांच्या आतलं कनेक्शन घेनारा मानूस बह्याड समजा."

सहल चार दिवस चालली. संघदीप प्रत्येक ठिकाणी डोकी मोजायचा. सारनाथला, घाटावर, लॉजच्या जिन्यात. सहा. प्रज्वलला तो मोजत नसे, कारण प्रज्वलला मत नव्हते.

"मी मानूस नाई काय बे?" प्रज्वलने एकदा विचारले.

"तू डायवर."

सोमवारी सकाळी वाराणसीच्या विमानतळावर प्रज्वलने प्रयागबाईंच्या हातात वेगळा बोर्डिंग पास दिला. त्यांचा गुडघा धरला होता. पुढे मोठी सीट आहे, पाय लांब करता येतील, असे तो म्हणाला. बाकीच्यांच्या सीटा पंचविसाव्या रांगेच्या मागे होत्या. प्रयागबाईंची दुसऱ्या रांगेत.

"आमचे गुडघे काय लोखंडाचे हायेत?" केशरबाई म्हणाल्या. त्याही सदस्य. सगळे हसले.

सात दहाचे विमान सात पंचवीसला उडाले. दिल्लीवर धुके होते. विमान बराच वेळ वरच घिरट्या घालत राहिले आणि नऊ बावीसला उतरले. जिन्याजवळ नागपूरची पाटी घेतलेला एक कर्मचारी उभा होता. नागपूरचे विमानही पंचवीस मिनिटे उशिरा सुटणार होते, आणि इमारतीत न जाता बसने सरळ त्याच विमानापाशी नेण्याची सोय कंपनीने केली होती. सगळ्यांनी शाली डोक्यावरून घेतल्या होत्या, कानटोप्या घातल्या होत्या. संघदीपने बसच्या दारात सवयीप्रमाणे डोकी मोजली. सहा भरली. तो आत चढला.

भरली, कारण त्याने प्रज्वलला मोजले होते. प्रज्वलच्या डोक्यावर धम्मदीपाची शाल होती. धम्मदीपा ही सहावी सदस्य. कानटोपी विसरला म्हणून तिनेच शाल दिल्याचे ती सांगते.

बस सुटण्यापूर्वी कर्मचाऱ्याने यादी पाहून विचारले, "एक कम है ना?" बसमधून कोणीतरी उत्तर दिले, "आगे है." हे हरीओमने ऐकले, केशरबाईंनीही ऐकले. दोघेही सांगतात, आवाज प्रज्वलचा होता. प्रज्वल नाकारत नाही.

नागपूरच्या विमानात प्रयागबाई मागच्या रांगांत दिसल्या नाहीत. पण त्या तर पुढच्या सीटवरच्या. पुढे पडदा होता. कोणाला शंका आली नाही. कंपनीने नंतर कळवल्याप्रमाणे त्यांचा पुढच्या सीटचा पास वाराणसी ते दिल्ली एवढाच होता. नागपूरच्या विमानात त्यांची जागा इतरांच्याच शेजारी होती आणि ती रिकामी आली.

बारा वाजून पाच मिनिटांनी, नागपूर विमानतळाच्या बाहेर, क्रूझरच्या दाराशी संघदीपने पुन्हा मोजले. या वेळी प्रज्वलने शाल काढलेली होती.

"प्रयागबाई कोठी हाये?"

"पुढं होती ना ते," केशरबाई म्हणाल्या.

"पुढून तं सगळे उतरले. आपून शेवटचे."

"संडासात गेली असंन."

हरीओम धावत आत गेला. सुरक्षेच्या जवानाने त्याला दारातच अडवले. संघदीप प्रज्वलकडे वळला.

"तू म्हनलं, आगे है."

"मले वाटलं, पुढच्या सीटवाल्यायले वेगळी गाडी असते. तेच्यात बसून ते पुढं गेली."

"वाटलं?"

"हाव, वाटलं. तू मोजलं ना? तू सहा म्हनलं. मी तुह्या मोजन्यावर इसवास ठेवला."

संघदीपने पिशवी उघडून मोबाईल वाटले. एक त्याच्या हातात उरला. साधा, बटणांचा, जाळीच्या छोट्या पिशवीत घातलेला. प्रयागबाईंचा. त्याचा स्वतःचा फोन चालू होताच एका मिस्ड कॉलचा मेसेज आला. बबलूचा, म्हणजे प्रयागबाईंच्या मुलाचा. वेळ अकरा सतरा. एकच कॉल.

बबलू फोनवर म्हणाला की माय दिल्लीतच राहिली आहे. विमानतळावरच्या एका मुलीने तिच्या मोबाईलवरून त्याला फोन लावून दिला होता. तो अकरा वाजून बारा मिनिटांनी आला. मायला त्याचा एकच नंबर पाठ आहे.

"मंग मले एकच कॉल काहून केला?"

"तुमचा बंद होता, भाऊ."

"मांगून करायचा."

"म्या म्हनलं, तुमाले माहीत असंन. तुमच्यासंगंच गेल्ती ते."

पुढचे विमान सव्वाबाराचे होते. तेही धुक्यामुळे लांबत होते. प्रज्वलने मोबाईलवर दोन मिनिटांत प्रयागबाईंची जागा त्या विमानात करून दिली आणि म्हणाला, "तुमी निघा. मी थांबतो, तेइले घेऊन येतो." संघदीपने क्षणभर विचार केला. मग पाच जण समृद्धी महामार्गाला लागले. कारंज्याला उतरून इंझोरीमार्गे दोन पन्नासला ते गावात पोचले. क्रूझर रीतीप्रमाणे थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागली.

दौलतराव आधीच आले होते. टेबलावर त्यांच्या पुढ्यात पेढ्यांचे दोन खोके होते. इथल्याच, जिल्ह्यातल्या मालेगावच्या दुकानातले.

संघदीपने संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. सभा ठरल्या वेळी घ्यावी लागते, सदस्याचे विमान हे नियमात बसत नाही, असे अधिकारी म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

ठराव पडल्यावर दौलतरावांनी खोका उघडला आणि पहिला पेढा संघदीपपुढे धरला.

"घे ना बाप्पा. काशीवरून आला, परसाद नाई आनला तं आमचाच घे."

"पेढे कवा घेतले, काका?"

"साडेअकराले."

"साडेअकराले तुमाले कसं माहीत, कोन जिंकनार?"

"हारलो असतो तं तुमाले वाटले असते," दौलतराव म्हणाले. "पेढ्याले काय समजते कोन जिंकलं ते?"

त्यांच्या बाजूचे दोघे सदस्य हसले. संघदीपने पेढा घेतला नाही. त्याने साडेअकरा ही वेळ लक्षात ठेवली. साडेअकराला तो स्वतः विमानात होता आणि सहाच्या सहा आहेत असे समजत होता. प्रयागबाई मागे राहिल्याचे त्या वेळी, त्याच्या माहितीत, एकाच माणसाला ठाऊक होते. बबलूला. आणि बबलू त्या सकाळी मोटरसायकलची क्लच प्लेट आणायला मालेगावला गेला होता.

प्रयागबाई संध्याकाळी साडेसहाला आल्या. प्रज्वलने त्यांना भाड्याच्या गाडीने आणले, तांड्याच्या पायथ्याशी सोडले आणि तो तसाच परत गेला. सकाळी त्याला पुण्यात हजर व्हायचे होते. आपल्या घरी, आईला, रुख्मिणीबाईंना भेटायलाही तो थांबला नाही. नागपूर ते सावरटेक, तीन तास, तो आणि प्रयागबाई गाडीत दोघेच होते. ड्रायव्हर परजिल्ह्यातला होता.

मंगळवारी सकाळी प्रेमसिंग यांनी तांडा बोलावला. संघदीप, केशरबाई आणि हरीओमही गेले. प्रयागबाई चटईवर एक पाय लांब करून बसल्या.

"तुले पुढची सीट कोनं देल्ली?" प्रेमसिंग यांनी विचारले.

"पोऱ्यानं."

"काहून?"

"गुडघा दुखून राह्यला होता."

"शनवारी सारनाथले तं हरनासारखी चालली," केशरबाई म्हणाल्या.

"हरीन पाह्यलं काय तू कवा? मी काठी घेऊन होती. तू फोटोवाल्यापुढं उभी राहू राहू थकली, तुले माही काठी काय दिसंन."

"पुढं काय काय देल्लं तुले?" प्रेमसिंग यांनी विचारले.

"चहा देल्ला. अन् गरम वला टावेल. म्या तोंड पुसलं."

"अजून?"

"अजून काय देतेत? खिडकीतून धुकं पाह्यलं. ते तुमालेही देल्लं असंन."

बायकांत हसू फुटले. प्रेमसिंग हसले नाहीत.

"उतरल्यावर काय झालं, ते सांग."

"मले पयले उतरवलं. खाली लहान गाडी होती. पोरगी म्हने, मॅडम बैठिए. म्या मांगं पाह्यलं तं धुकंच धुकं, तुमी कोनी दिसेना. म्या म्हनलं, मेरे लोग पीछे है. ते म्हने, आ जाएंगे. मंग मोठ्या इमारतीत नेलं, खुर्चीवर बसोलं. मी बसली."

"दीड तास?"

"मले का माहीत किती झाला."

"ओरडली काहून नाई? कोनाले तरी इचारायचं."

"कोनावर ओरडू? सत्तावन वर्सांत पयल्यांदा कोनं मले मॅडम म्हनलं. मले वाटलं, मॅडमले असंच बसोत असतीन."



"अन् फोन लावायचा," प्रेमसिंग म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"माहा फोन कोनापाशी होता, प्रेमसिंग? इचार ना त्याले."

संघदीप खाली पाहत होता. मग त्याने विचारले, "बबलूले फोन केला, तवा काय सांगतलं?"

"सांगतलं, मी राह्यली. संघदीपले सांग."

"एवढंच?"

"त्या पोरीचा फोन होता. तिच्या पैशानं किती बोलू?"

"अन् वापस येतानी, गाडीत, प्रज्वल काय म्हने?"

प्रयागबाईंनी पाय जवळ घेतला. "रडला," त्या म्हणाल्या. "मंग झोपला."

हे उत्तर कोणालाच पटले नाही. त्या दुपारपासून तांड्यात दोन तट पडले. एक म्हणत होता, म्हातारीला काय कळते, पोराने डाव साधला. दुसरा म्हणत होता, म्हातारीला सगळे कळते. प्रयागबाई विहिरीवर गेल्या की बायका आपला हंडा आधी भरून घ्यायच्या आणि निघून जायच्या. रोज बरोबर चढणारी शेजारीण हिरीबाई आता त्यांच्या आधी वीस मिनिटे निघायची.

प्रज्वलवरचा संशय दुसऱ्या बाजूने घट्ट होत होता. त्याच्या स्थळाचा बायोडाटा डिसेंबरमध्ये मंगरूळपीरला गेला होता, हे धम्मदीपाला कळले. मुलीचे नाव निकिता. दौलतरावांच्या सख्ख्या भावाची मुलगी. बुधवारी संघदीपने त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. धम्मदीपा आणि हरीओम शेजारी बसले होते. प्रज्वल भुवनेश्वरच्या विमानतळावर होता. मागे घोषणा ऐकू येत होत्या.

"पंचावन मिनिटाचं कनेक्शन काहून घेतलं?"

"तू म्हनलं म्हनून."

"मी?"

"सभेच्या दिवशीच उतरायचं, आदल्या दिवशी नागपुरातही थांबायचं नाई, कोनी भेटायले येईन, असं तूच म्हनलं. त्याच्यानंतरचं विमान सव्वाबाराचं. ते टायमावर जरी आलं असतं तरी दोन वाजता नागपूर. तीनले सावरटेक कसं गाठलं असतं? मेसेज हाये माह्यापाशी. मी लिवलं होतं, रिस्क हाये. तू अंगठा पाठोला."

संघदीपने मोबाईलमध्ये मागे जाऊन पाहिले. मेसेज होता. अंगठाही होता. त्याच्याखाली प्रज्वलचेच आणखी दोन मेसेज होते, पण ते काढून टाकलेले. तिथे नुसते 'हा मेसेज हटवला आहे' असे दिसत होते.

"हे दोन काहून मिटोले?"

"काय होतं मले आता आठोत नाई. तिकिटाचे फोटो असतीन, चुकीचे."

"बरं. सीट?"

"वरच्या सीटचं एक व्हाउचर होतं, तेही मार्चात बाद होत होतं. सगळ्यात म्हातारं मानूस कोन? प्रयागबाई. तेइले देल्लं. मेल तुले पाठोला ना मी?"

मेल त्याने स्वतःहून पाठवला होता. हरीओमने तो कालच दोनदा वाचला होता आणि तो आता पुढे सरकला.

"प्रज्वलभाऊ, सीट बदलल्याचा मेल शनवारचा हाये. चार वाजून वीस मिनिट. म्हातारीचा गुडघा दुखते असं तुमी आमाले सोमवारी सांगतलं."

मागे कुठल्याशा विमानाची घोषणा झाली. 

"तिचा गुडघा नागपूरपासून दुखत होता," प्रज्वल म्हणाला. "संघ्या, चार दिवस तू मोजून राह्यला होता. पाहून नव्हता राह्यला."

"अन् निकिता?"

"मायनं बायोडाटा पंचवीस जागी पाठोला."

"दौलतरावची पुतनी हाये, माहीत होतं तुले."

"आपल्या जिल्ह्यात कोनती पोरगी कोनाची पुतनी नाई, ते सांग मले. अन् आयक, मले डाव करायचाच होता तं मी तुमाले सगळ्यायले वाराणशीतच अटकोलं असतं. तथी तं धुकं फुकट होतं."

हरीओमला हे बोलणे फार पटले. धम्मदीपाला अजिबात पटले नाही. तिचे म्हणणे असे की सगळे अडकले असते तर शंका त्याच्यावरच गेली असती. एकच अडकली म्हणून शंका अनेकांत वाटली गेली. संघदीपने मत दिले नाही. फोन ठेवल्यावर त्याने नागपूर-दिल्ली-वाराणसीचे वेळापत्रक काढून कागदावर मांडले. सव्वाबाराचे विमान खरेच होते. नऊ चाळीसच्या आधीचे सकाळी साडेपाचचेही होते, पण ते गाठायला वाराणसी रविवारीच सोडावी लागली असती आणि रात्र दिल्लीच्या विमानतळावर बसून काढावी लागली असती. सहा सदस्य एकत्र, मोबाईल पिशवीत, बाहेरचे कोणी आत येऊ शकत नाही अशी जागा. सहलीच्या रीतीत ते चपखल बसले असते. प्रज्वलने ते सुचवलेले मोबाईलमध्ये दिसत नव्हते. संघदीपनेही विचारले नव्हते. त्या दोन हटवलेल्या मेसेजांत तेच सुचवले होते का, हे आता प्रज्वलच सांगू शकत होता, आणि त्याला आठवत नव्हते.

प्रेमसिंग यांनी वेगळा मार्ग काढला. प्रयागबाईंनी बंजाऱ्यांचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवीला जाऊन शपथ घ्यावी, म्हणजे तांड्यापुरता विषय संपेल.

"घेतो ना," प्रयागबाई म्हणाल्या. "पन पयले पोऱ्यानं घ्यावी. मंग मी."

"तो आपल्यातला नाई. तो कायले येईन?"

"विमानात तं आपल्यातला होता."

निरोप गेला. प्रज्वल येणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती. तोवर २६ जानेवारीला दौलतरावांच्या हस्ते झेंडा लागला, आणि त्यानंतरच्या गुरुवारी टाकीचा खड्डा खालच्या जागेवर आखला गेला. फक्कीच्या पांढऱ्या रेघा तांड्यावरून स्पष्ट दिसतात.

रविवारी, २ फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजता प्रज्वल पोहरादेवीला हजर होता. आदल्या दिवशी कोईमतूरहून हैदराबाद, तिथून नागपूर, पुढे रात्रीच्या बसने तो आला होता. रुख्मिणीबाई त्याच्याबरोबर होत्या. त्यांनी कोणाशीही बोलणे टाळले. प्रज्वलने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, की प्रयागबाईंना मागे ठेवायचे त्याच्या मनात नव्हते आणि दौलतरावांशी त्याचे काही बोलणे झालेले नाही. मग प्रयागबाई पुढे झाल्या. आपण मत विकले नाही, असे त्या म्हणाल्या. दोघांचेही बोलून व्हायला पाच मिनिटे लागली नाहीत.

प्रसाद घेताना प्रेमसिंग संघदीपला हळूच म्हणाले, "दोघं खरे, तं खोटं कोन?"

"धुकं," संघदीप म्हणाला.

"धुक्यानं मालेगावात पेढे नाई घेतले."

बबलू त्या दिवशी पोहरादेवीला आला नव्हता. त्याला कोणी बोलावलेही नव्हते.

सोमवारी, ३ फेब्रुवारीला सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर एक कागद लागला. नव्या टाकीसाठी पाणी सोडणारा माणूस नेमायचा आहे, त्या जागेसाठी आलेल्या अर्जांची यादी. नावे चार. तिसरे नाव बबलूचे. हरीओमने ते प्रेमसिंगना सांगितले, आणि अर्ध्या तासात विहिरीवर समजले. प्रयागबाई स्वतः खाली उतरल्या, फलकापुढे उभ्या राहिल्या आणि हरीओमला म्हणाल्या, "वाच." त्याने वाचले. "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचले.

"मले नाई सांगतलं त्यानं," त्या म्हणाल्या. "घरी येऊ दे त्याले."

संघदीपने कार्यालयात जाऊन अर्ज पाहायला मागितला. दौलतराव खुर्चीवर होते. दाखवा, लपवायचे काय आहे, असे तेच शिपायाला म्हणाले. बबलू सहा महिन्यांपासून गावातल्या प्रत्येक जागेला अर्ज करतो, अंगणवाडीच्या जागेलासुद्धा केला होता, असेही त्यांनी सांगितले आणि ते खरे निघाले. अर्ज एका पानाचा आहे. कोपऱ्यात फोटो, खाली बबलूची सही. टाकीचा उल्लेख 'गावठाणातील नियोजित टाकी' असा आहे. आवक क्रमांकाची जागा कोरी आहे.

अर्ज ठरावाच्या सभेआधी दिला की नंतर, असे संघदीपने विचारले. शिपायाने आठवून पाहतो म्हटले. बबलू सकाळपासून मालेगावला आहे आणि त्याचा फोन लागत नाही. प्रयागबाई फलकाशेजारच्या ओट्यावर बसून आहेत.

अर्जावर तारीख नाही.